वरचं सभागृह कुणाचं

मनिलाहून आलेल्या आर्किटेक्ट नोरीनच्या पिशवीत तीन किलो मक्याचे दाणे होते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

पुलांगबातोच्या चौकातलं जुनं मुनिसिप्यो, म्हणजे नगरपालिकेची दुमजली इमारत, बारा वर्षं रिकामी पडली होती. खाली दगड, वर लाकूड, खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं. साहेब लोक हायवेवरच्या नव्या थंडगार इमारतीत गेले आणि ही कबुतरांना आंदण मिळाली. आता नगर परिषदेला एकदम जाग आली होती. गावाने एकत्र बसून कुठल्या खोलीचं काय करायचं ते ठरवावं, खोलीखोलीची जबाबदारी घेणाऱ्याने नकाशावर सही करावी, असा ठराव झाला. एका जरी खोलीवर वाद उरला तर सगळी इमारत पंचवीस वर्षांसाठी एका हॉटेलवाल्या कंपनीला द्यायची. मुदत पुढच्या सोमवारची.

नोरीनने बास्केटबॉलच्या कोर्टात टेबलं जोडून त्यांवर भला मोठा नकाशा पसरला. एक चौकोन म्हणजे एक खोली. येईल त्याच्या हातावर तिने पाच दाणे ठेवले आणि म्हणाली, "ज्या खोलीत तुमचा जीव आहे तिच्यावर दाणा ठेवा." पोरगी हुशार होती, पण तिला आमचं गाव माहीत नव्हतं. समोर चौकोन आणि हातात मक्याचे दाणे आले की आमचा माणूस एकच गोष्ट करतो. एक्क्याऐंशी वर्षांच्या लोला पुरिंगने, म्हणजे पुरिंग आजीने, तुरुंगाची कोठडी, जिना, खजिनदाराची खोली, जन्ममृत्यूची नोंदणी आणि संडास अशी सरळ ओळ लावली आणि हात वर केला.

"बिंगो," लोला म्हणाली. "बक्षीस काय आहे, आर्किटेक्ट? तांदूळ की साबण?"

मग काय, धडाधड बिंगो व्हायला लागले. कुणी आडवी ओळ लावली, कुणी तिरकी. नोरीन कपाळाला हात लावून हसत सुटली. पण वरच्या मजल्यावरच्या सभागृहाच्या चौकोनाशी कुणी चेष्टा केली नव्हती. तिथे दाण्यांचे दोन ढीग पडले होते, एक पूर्वेच्या भिंतीला, एक पश्चिमेच्या, आणि मधे बोटभर जागा कोरी. पूर्वेचा ढीग जुन्या बँडचा. पश्चिमेचा नव्या बँडचा.

नवा बँड एकाहत्तर वर्षांचा होता. आमच्याकडे एकदा नाव पडलं की पडलं.

पूर्वेच्या ढिगात चोलेंग दिमाकुलांगानचे पाचही दाणे होते. चोलेंग एकसष्ट वर्षांची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली बाई, क्लॅरिनेट वाजवणारी, आणि वडील गेल्यापासून जुन्या बँडची माएस्त्रा, म्हणजे बँडमास्तरीण. तिच्या वडिलांनी, माएस्त्रो फाउस्तोंनी, त्या सभागृहात तीस वर्षं तालीम घेतली होती. इमारत बंद झाली तशी तालीम तिच्या मेहुण्याच्या गॅरेजात, ट्रायसिकलींच्या, म्हणजे तीनचाकी रिक्षांच्या, मधे गेली. जूनमध्ये मेहुणा गॅरेज विकणार होता. बावीस वादक, त्यांतली चौदा शाळकरी पोरं, आणि चोलेंगच्या पलंगाखाली कोंबलेले दोन ट्युबा. सभागृह मिळालं तर बँड राहील, नाही तर जूनमध्ये वाद्यं चर्चला देऊन मोकळं व्हायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. ठरवल्यापासून तिला धड झोप लागत नव्हती.

टेबलाच्या पलीकडे नव्या बँडचा माएस्त्रो एलिसेओ मागबानुआ उभा होता. वय बहात्तर, इस्त्रीचा सदरा, खिशात लाल वही. त्याच्या बँडचं तालमीचं छप्पर गेल्या वादळात उडून गेलं होतं. तरीही त्याचा तोरा काही उडाला नव्हता.

"गॅरेजात काय वाईट आहे, चोलेंग?" तो म्हणाला. "ट्रायसिकलचा हॉर्न तरी सुरात असतो."

"नाचता येईना अंगण वाकडं," चोलेंग म्हणाली. "छप्पर होतं तेव्हा तुम्ही कुठे मोठे सुरात होतात, माएस्त्रो?"

"आमच्याकडे वाजवायला तुकडे आहेत. तुमच्याकडे किती उरलेत? दोन तासांत पोतडी रिकामी होईल."

चोलेंगची कानशिलं तापली. "मोजायचेत? मग शनिवारी फिएस्टाला या आणि मोजा. सेरेनाता करू. ज्याचे संपतील त्याने सभागृहावरचा हक्क सोडायचा."

सेरेनाता म्हणजे फिएस्टाच्या, गावजत्रेच्या, दिवशी होणारा दोन बँडांचा सामना. समोरासमोर बसायचं, आळीपाळीने वाजवायचं, एकदा वाजवलेला तुकडा पुन्हा वाजवायचा नाही. ज्याची पोतडी आधी रिकामी होईल किंवा जो चुकून तोच तुकडा पुन्हा वाजवेल, तो हरला. संध्याकाळच्या सहाच्या घंटेपर्यंत दोघेही टिकले तर बरोबरी, पण ती कुणी कधी पाहिली नव्हती. आणि सेरेनाताच गावात सदतीस वर्षांत झाली नव्हती. का झाली नव्हती ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर दाणे मांडणारे हातही थांबले.

"किती वाजता?" एलिसेओने विचारलं. इतक्या झटकन विचारलं की चोलेंगलाच दचकायला झालं.

"थांबा, थांबा," नोरीन म्हणाली. "नियोजनाची अशी पद्धत नसते."

"पोरी," लोला पुरिंग दाणे गोळा करत म्हणाली, "तुझ्या मक्यापेक्षा बरी आहे."

*

गुरुवारपर्यंत गावाच्या अंगात आलं होतं. बारा वर्षं जिथे कुत्रं फिरकत नव्हतं तिथे झाडू, बादल्या, शिड्या घेऊन माणसं लोटली. बरांगायचा, म्हणजे वॉर्डाचा, प्रमुख कापितान दोमेंग स्वतः कबुतरांची घाण खरवडत होता, आणि निवडणूक तर दोन वर्षं लांब होती. नोरीनने सुताराबरोबर सभागृहाची तुळई न् तुळई ठोकून पाहिली. "दोन बँड आणि शंभर माणसं पेलेल," ती म्हणाली. "नाचायचं मात्र नाही." शेवटचं वाक्य कुणी ऐकलं नाही.

शुक्रवारी दुपारी चोलेंगने वडिलांची पेटी उघडली. एकसष्ट तुकड्यांच्या स्वरलिपी होत्या तिच्यात, प्रत्येकाची वेगळी फाइल. वॉल्ट्झच्या फाइली तिने उचलल्या आणि हातात नुसता भुसा आला. वाळवीने नऊच्या नऊ वॉल्ट्झ फस्त केले होते. एकसष्टांतले नऊ गेले, बावन्न उरले.

ती पेटीशेजारी जमिनीवरच बसली. सदतीस वर्षांपूर्वीच्या फिएस्टात ती चोवीस वर्षांची होती, तिसऱ्या क्लॅरिनेटवर. सत्तेचाळिसाव्या तुकड्याला वडिलांनी एक मार्च घेतला आणि त्याच्या मधल्या भागात थकव्याने म्हणा, गडबडीने म्हणा, सकाळच्याच एका मार्चचा भाग वाजवून टाकला. गावाला कळलंही नव्हतं. पण समोर एलिसेओ होता, तेव्हा पस्तिशीचा, नुकताच माएस्त्रो झालेला. त्याने भोंगा मागून घेतला आणि लाल वहीतून वाचून दाखवलं: सकाळी बारावा तुकडा, आता सत्तेचाळिसावा, तोच भाग, तालाची तीच बत्तीस मापं. एक अक्षर खोटं नव्हतं. माएस्त्रो फाउस्तोंनी छडी खाली ठेवली, टोपी घातली आणि घरी गेले. जुना बँड पुन्हा कधी सेरेनाताला बसला नाही. दोन वर्षांनी ते वारले. हरणं त्यांनी पचवलं असतं, पण भर चौकात वहीतून वाचून दाखवलेलं त्यांना पचलं नाही, आणि चोलेंगने त्या माणसाला कधी माफ केलं नाही.

"माएस्त्रा, बावन्न पुरतील का?" तिच्या ट्रॉम्बोनवाल्याने, रेमिहिओ न्हाव्याने, दारातून विचारलं.

"पुरवायचे," ती म्हणाली.

*

शनिवारी प्रार्थना आटोपली आणि आठाच्या ठोक्याला जुना बँड सभागृहाच्या पूर्वेच्या टोकाला बसला, नवा पश्चिमेच्या. खिडक्या सताड उघडल्या. चोलेंगने छडी उचलली आणि पहिल्याच ठोक्याला बारा वर्षांची धूळ तुळयांवरून खाली आली. ट्युबावाल्याला शिंक आली, पण त्याने सूर सोडला नाही. पोरांनी असा आवाज आपला आपण कधी ऐकलाच नव्हता. गॅरेजच्या पत्र्याखाली सगळं कर्कश वाटायचं. इथे लाकूड सूर धरून ठेवत होतं आणि गोल करून परत देत होतं. चौदा शाळकरी चेहरे एकमेकांकडे बघत होते: हे आपण वाजवतोय?

समोरून उत्तर आलं. नव्या बँडचे तुतारीवाले उभेच राहिले. मग हे, मग ते. चौथ्या पाळीला चोलेंगने हुकमाचं पान टाकलं, वडिलांनी याच इमारतीसाठी रचलेला 'चौकाचा मार्च'. पहिल्या पाळ्यांतच काढला, कारण घाबरलेला माणूस चांगलं पान दडवून ठेवतो आणि ती घाबरलेली नाही हे एलिसेओला दिसायला हवं होतं. एलिसेओने लाल वहीत नोंद केली. डावं पान जुन्या बँडचं, उजवं स्वतःचं. त्याच्या वहीवर दोन्ही बाजूंचा विश्वास होता. त्याला कितीही शिव्या द्या, वही खोटं बोलत नव्हती.

दहा वाजेपर्यंत गाव आत होतं. चौकात ऊन रणरणत होतं आणि दगडी भिंतींच्या आत गारवा. म्हाताऱ्यांनी सगळ्यांत थंड जागा हुंगून काढली, तुरुंगाची कोठडी, आणि तिथे दामाचे, म्हणजे सोंगट्यांच्या खेळाचे, पट मांडले. खजिनदाराच्या खोलीला जाळीची खिडकी होती. लोला पुरिंगच्या नातीने तिच्याआड मोठं पातेलं ठेवलं आणि पुतो, बिबिंका असे तांदळाचे केक विकायला लागली. लोक सवयीने रांगेत उभे राहिले, जसे पूर्वी कर भरायला राहायचे. नोंदणीची खोली ढोलांपासून सगळ्यांत लांब. आयांनी तिथे चटया टाकून बाळं निजवली, बघता बघता अकरा झाली. मागच्या व्हरांड्यात शिंपीणबाई नव्या बँडच्या सदऱ्यांची बटणं लावत बसली, आणि दुपारपर्यंत तिच्याभोवती सहा मुली सुई धरायला शिकत होत्या.

नोरीन आपली नकाशा कवटाळून वरखाली धावत होती. जेवणाच्या सुट्टीत ती घामाघूम चोलेंगपाशी आली. "चोलेंगताई, मी दोन महिने प्रश्नावल्या वाटल्या. प्रत्येकाने लिहिलं, संग्रहालय. प्रत्येकाने. आणि आज संग्रहालयाचं कुणी नावही काढत नाहीये. कोठडीत दामा, नोंदणीत बाळं. हे कुणी आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही मनिलाच्या पाहुण्या," चोलेंग म्हणाली. "पाहुण्याला आवडेल तेच सांगायचं असतं. जेवलात का?"

"भूकच नाहीये. फार मजा येतेय." तिने नकाशा उलगडला. एकेका चौकोनात पेन्सिलीची गिचमीड होती, आणि शेजारी नावं आणि सह्या. लोला पुरिंगने बाळांची खोली आपल्या नावावर घेतली होती. "सगळं भरलं. फक्त वरचं राहिलं." तिचा आवाज खाली आला. "किती उरलेत तुमच्याकडे?"

"सव्वीस," चोलेंग म्हणाली. "त्यांच्याकडे?"

नोरीनने पश्चिमेकडे पाहिलं. एलिसेओच्या खुर्चीशेजारी फाइलींची चळत त्याच्या कमरेला लागत होती.

दुपार कशी गेली ते चोलेंगला नंतर सांगता आलं नसतं. पोरांचे ओठ सुजले, रेमिहिओच्या ट्रॉम्बोनची नळी दोनदा निसटून गर्दीत गेली आणि दोनदा टाळ्यांच्या गजरात परत आली. पासोदोब्ले ही नाचाची धून सुरू झाली तेव्हा जिन्यावरची माणसं नाचायला लागली आणि नोरीन ओरडत सुटली, "नाचू नका, तुळया, तुळया," आणि मग सुतारानेच तिचा हात धरून तिला ओढलं. समोरून एक जबरदस्त तुकडा आला की चोलेंगचं रक्त सळसळायचं. असं का तुम्ही? थांबा, दाखवते. तिने अशा फाइली बाहेर काढल्या ज्या पोरांनी दोनदाच वाचल्या होत्या, आणि त्यांनी त्या वाजवल्या. पलीकडून एलिसेओची भिवई वर जाताना तिने पाहिली. त्या भिवईसाठी तिने आणखी एक वर्ष गॅरेजात काढलं असतं.

पाच वाजून पस्तीस मिनिटांनी बावन्नावा तुकडा संपला. नव्या बँडने उत्तर दिलं. मग तिची पाळी आली आणि पेटी रिकामी होती.

पोरं तिच्याकडे बघत होती. सभागृह, व्हरांडा, जिना, सगळं गच्च. घड्याळात पाच चाळीस. घंटेला वीस मिनिटं. गंमत म्हणजे त्याच क्षणी तिला एकदम मोकळं वाटलं. हरायचंच आहे तर छडी खाली ठेवून हरायचं नाही. कुणी वहीतून पकडून हरवायचं नाही. आपणच हरायचं, या छताखाली, त्याच मार्चने.

"चौथा," ती हळूच म्हणाली.

"माएस्त्रा, तो झालाय," पहिल्या क्लॅरिनेटवरची मुलगी कुजबुजली.

"मला माहीत आहे. जोरात वाजवा."

त्यांनी वाजवला. सकाळी वाजवला होता त्याहून चांगला, कारण आता गमावण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्याच ओळीला गावाने ओळखलं. नातीने पातेल्यावर झाकण ठेवलं. शेवटचा ठोका पडला आणि एकही टाळी वाजली नाही.

कापितान दोमेंगच्या हातात भोंगा होता. त्याने घसा साफ केला. "माएस्त्रो एलिसेओ," तो म्हणाला, "वही काय म्हणते?"

एलिसेओ उठला. त्याने चष्मा लावला, लाल वही उघडली, डाव्या पानावरून बोट खाली नेलं. खिशातून पेन काढलं आणि वहीत काहीतरी केलं. चोलेंगने मान ताठ ठेवली. वाच, तिच्या मनात आलं. वाच एकदा, सवय आहे तुला.

"वहीत नाही," एलिसेओ म्हणाला.

"काय?" कापितानाने विचारलं.

"हा मार्च आज पहिल्यांदाच वाजला. त्रेपन्नावा तुकडा. बरोबर आहे." त्याने वही मिटली आणि गर्दीवरून अशी नजर फिरवली की कुणाची बोलायची टाप झाली नाही. रेमिहिओच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज निघाला, तो त्याने खोकल्यात लपवला. "आता आमची पाळी."

तो वाकला आणि चळतीच्या अगदी तळातून सगळ्यांत जाडजूड फाइल उपसली. एका जुन्या ऑपेराचं सुरुवातीचं संगीत होतं, बारा मिनिटांचं. त्याने ते सुरू केलं ते बैलगाडीच्या चालीने. मधला भाग दोनदा घेतला. मग तिसऱ्यांदा घेतला, जे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं हे चोलेंगला पक्कं माहीत होतं. बासरीवाल्या मुलाने गोंधळून वर पाहिलं तेव्हा माएस्त्रोने त्याला डोळ्यांनीच दटावलं: वाजव. तिने घड्याळाकडे पाहिलं. पाच बावन्न. पाच छप्पन्न. हा माणूस वेळ काढतो आहे. बहात्तर वर्षांचा, शिस्तीचा, एका मापालाही माफी न देणारा हा माणूस पूर्ण गावासमोर वेळ काढतो आहे. आणि तिच्यासाठी काढतो आहे.

शेवटच्या पानावर तो एकेका सुरावर रेंगाळत होता, तेव्हा चर्चची सहाची घंटा झाली.

सगळं थांबलं. टोप्या निघाल्या, माना प्रार्थनेला खाली गेल्या, बाळांच्या खोलीत कुणीतरी एक रडलं. आणि घंटेचा शेवटचा ठोका विरला तसा जो आवाज उठला तो दोन्ही बँड मिळूनही काढू शकले नसते. लोकांनी खिडक्यांची तावदानं बडवली. लोला पुरिंग खालून ओरडत होती, "बिंगो, बिंगो."

*

नोरीन जिन्यावर बसून खोडत होती. सभागृहाच्या नकाशात तिने आधी पूर्वेला एकच व्यासपीठ काढलं होतं. ते पुसून तिने दोन काढली, समोरासमोर, दोन्ही टोकांना. "सोमवार-बुधवार जुना, मंगळवार-गुरुवार नवा," ती भराभर बोलत होती, "आणि फिएस्टाला दोघं. जबाबदारी दोन नावांवर. चालेल? चालेल ना? कृपा करून हो म्हणा, मला आता रडू येईल."

एलिसेओ रुमालाने मान पुसत उभा होता. चोलेंग त्याच्यासमोर गेली. सदतीस वर्षांत ती त्याच्याशी टोमण्याशिवाय एक वाक्य बोलली नव्हती.

"का?" तिने शेवटी एवढंच विचारलं.

"तुझ्या वडिलांनी छडी ठेवली त्यानंतर मी छत्तीस फिएस्टा वाजवल्या," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "लोक टाळ्या वाजवतात. पण एक तुकडा झाला की मी अजून गप्प राहून वाट बघतो, समोरून काय येतंय म्हणून. काही येत नाही, चोलेंग. मी जिंकलो आणि ऐकायलाच कुणी उरलं नाही." त्याने नाक शिंकरलं. "पुढच्या वर्षी वाळवी सांभाळ. वॉल्ट्झ आले नाहीत एकही. मी वाट बघत होतो."

नोरीनने नकाशा पुढे केला. जिन्याच्या कठड्यावर सही करायला कागद टेकेना, म्हणून एलिसेओने खिशातली लाल वही काढून खाली धरली. त्याने आधी सही केली. चोलेंगने पेन घेतलं, नकाशा थोडा सरकला, वाऱ्याने वहीचं पान उलटलं. डावं पान होतं. त्रेपन्नाव्या ओळीवर रेखीव अक्षरांत लिहिलं होतं, 'चौकाचा मार्च, माएस्त्रो फाउस्तो.' आणि वर चौथी ओळ इतक्या जोराने खोडलेली होती की कागद फाटला होता.

"माएस्त्रो," ती म्हणाली, "चौथ्या ओळीवर काहीतरी झालंय."

"वय झालं," एलिसेओ म्हणाला. "हात थरथरतो."

चोलेंगने त्याच्या नावाखाली सही केली. सही करताना पुन्हा एकदा पानाकडे पाहिलं. बाकी सबंध पानावर एकही अक्षर थरथरलेलं नव्हतं.